परराज्यातील वकील आणि फौजदारी न्यायालय

सन १८९७ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘केसरी’तील लिखाणावरून तो भरण्यात आला होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर टिळकांच्या बचावासाठी जे बॅरिस्टर उभे राहिले, ते मुंबईचे नव्हते. कलकत्त्यातील हितचिंतकांनी वर्गणी जमवून तेथील प्यू व गार्थ या दोन बॅरिस्टरांना मुंबईस पाठविले होते. नऊ जणांच्या ज्यूरीपैकी सहा जणांनी ‘दोषी’ व तिघांनी ‘निर्दोष’ असे मत दिले आणि १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. खटल्याचा निकाल प्रतिकूल लागला. परंतु संकटात सापडलेल्या आरोपीला आपल्या प्रांताबाहेरचा, विश्वासाचा वकील आणता येणे ही किती मोलाची गोष्ट आहे, हे त्या प्रसंगाने महाराष्ट्राला दाखवून दिले. पुढे १९४५ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटला चालला, तेव्हा बचावाचे मुख्य काम मुंबईचे भुलाभाई देसाई यांनी पाहिले.

हे दोन्ही खटले इतिहासाने नोंदविलेले आहेत. परंतु असा प्रसंग केवळ थोरामोठ्यांवरच येतो असे नाही. राज्याच्या सीमेवर राहणाऱ्या, नोकरी-धंद्यानिमित्त परमुलखी गेलेल्या सामान्य कुटुंबांवर तो अधिक वेळा येतो. यास्तव परराज्यातील वकिलाला एखाद्या फौजदारी खटल्यापुरते न्यायालयात उभे राहता येते काय, त्यासाठी कोणत्या अटी आहेत आणि त्या अटी कशासाठी आहेत, याची माहिती गावपातळीवर असणे आवश्यक आहे.

प्रश्न कोठे उद्भवतो

समजा, चंदगड तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा बेळगावातील कारखान्यात कामाला आहे. एका मारामारीच्या प्रकरणात त्याला अटक होते. बापाला कन्नड वाचता येत नाही. घरातील जमिनीचा दावा कोल्हापूरच्या ज्या वकिलांनी चालविला, त्यांच्यावर त्याचा विश्वास आहे. साहजिकच तो त्यांच्याकडे धाव घेतो. त्या वकिलांची सनद महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची आहे. खटला मात्र कर्नाटकातील न्यायालयात चालणार आहे. ते तेथे उभे राहू शकतील काय?

असाच प्रश्न वडोदऱ्यातील मराठी कुटुंबाला जळगावचा वकील नेताना, इंदूर-ग्वाल्हेरच्या कुटुंबाला नागपूरचा वकील नेताना आणि हैदराबादच्या कुटुंबाला सोलापूरचा वकील नेताना पडतो. गोव्याच्या बाबतीत परिस्थिती थोडी निराळी आहे. महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांसाठी वकील परिषद एकच आहे. गोव्यात १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचेच खंडपीठ आहे. त्यामुळे सावंतवाडीचा वकील म्हापशाच्या न्यायालयात गेला तर तो राज्याबाहेर गेलेला असला, तरी स्वतःच्या वकील परिषदेच्या व उच्च न्यायालयाच्या क्षेत्राबाहेर गेलेला नसतो. राज्याची सीमा आणि वकिलीची सीमा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

जुनी व्यवस्था

इंग्रजी अमदानीत वकिलीच्या अनेक पायऱ्या होत्या. बॅरिस्टर, ॲडव्होकेट, ॲटर्नी, वकील, प्लीडर, मुखत्यार अशा निरनिराळ्या वर्गांना निरनिराळे अधिकार असत. १८७९ चा विधिव्यवसायी अधिनियम आणि १९२६ चा वकील परिषद अधिनियम या कायद्यांनी त्यात काही शिस्त आणली. तथापि प्रत्येक उच्च न्यायालयाची नामावली वेगळी राहिली. एका उच्च न्यायालयाच्या नामावलीवरील व्यक्तीला दुसऱ्या उच्च न्यायालयात उभे राहावयाचे असल्यास तेथील नियमांकडे पाहावे लागे.

स्वातंत्र्यानंतर ही विस्कळीत व्यवस्था बदलण्याचा विचार सुरू झाला. न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली १९५१ मध्ये नेमलेल्या अखिल भारतीय वकील समितीने १९५३ साली अहवाल दिला आणि संपूर्ण देशासाठी वकिलांचा एकच वर्ग असावा, अशी दिशा दाखविली. त्यातून १९६१ चा अधिवक्ता अधिनियम जन्मास आला. या कायद्याने राज्यांच्या वकील परिषदा व भारतीय वकील परिषद स्थापन केल्या. वकिलाचे नाव एका वेळी एकाच राज्याच्या नामावलीवर राहू शकते, असा नियम झाला.

आजचा कायदा

या अधिनियमाचे ३० वे कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. कोणत्याही राज्याच्या नामावलीवर नाव असलेल्या वकिलाला देशातील सर्व न्यायालयांत, सर्वोच्च न्यायालयासह, हक्काने व्यवसाय करता येईल, असे हे कलम सांगते. मात्र हे कलम कायद्यात १९६१ सालीच लिहिले गेले असले, तरी ते लागू करण्याची अधिसूचना दीर्घकाळ निघाली नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सहा महिन्यांत या प्रश्नाचा विचार करण्यास सांगितले. प्रत्यक्षात ते कलम १५ जून २०११ रोजी अंमलात आले. कायदा झाल्यापासून ते लागू होईपर्यंत अर्धे शतक लोटले.

तेव्हा वरील उदाहरणातील कोल्हापूरच्या वकिलांना बेळगावच्या न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार आहे, हे मूळ उत्तर होय. तथापि याच कलमाच्या आरंभी ‘या अधिनियमाच्या तरतुदींच्या अधीन राहून’ असे शब्द आहेत. त्याच अधिनियमाच्या ३४ व्या कलमान्वये प्रत्येक उच्च न्यायालयाला आपल्या स्वतःच्या व आपल्या हाताखालील न्यायालयांत वकिलांनी कोणत्या अटींवर काम करावे, याचे नियम करता येतात. म्हणून अधिकार कायद्याने मिळतो, पण तो वापरण्याची रीत त्या त्या उच्च न्यायालयाचे नियम ठरवितात.

आरोपीच्या बाजूने पाहिले असता राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाचा आधार आहे. अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ३४० व्या कलमात आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क पुन्हा स्पष्ट केला आहे. ३८ व्या कलमानुसार चौकशी चालू असताना, चौकशीच्या संपूर्ण काळात नव्हे तरी, अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते. यांपैकी कोणत्याही तरतुदीत ‘त्याच राज्यातील वकील’ असे शब्द नाहीत.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे जरूर आहे. सनद असलेला परराज्यातील वकील वेगळा आणि सनदच नसलेली व्यक्ती वेगळी. गावातील एखादा जाणकार गृहस्थ, नातेवाईक किंवा मुखत्यारपत्र घेतलेला इसम आरोपीच्या वतीने हक्काने उभा राहू शकत नाही. अधिवक्ता अधिनियमाच्या ३२ व्या कलमाप्रमाणे न्यायालय अशा व्यक्तीला एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती परवानगी देऊ शकते. पण ती न्यायालयाच्या मर्जीची बाब आहे. १९७८ साली हरिशंकर रस्तोगी प्रकरणात आणि १९९९ साली टी. सी. मथाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट सांगितली. केवळ मुखत्यारपत्र हाती असल्याने फौजदारी न्यायालयात बाजू मांडण्याचा अधिकार येत नाही. त्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मिळविली पाहिजे.

उच्च न्यायालयांचे नियम व २०१६ चा निर्णय

काही उच्च न्यायालयांनी बाहेरच्या वकिलांसाठी विशेष नियम केले आहेत. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम या बाबतीत प्रसिद्ध आहे. तेथील नामावलीवर नसलेल्या वकिलाने तेथे नेहमी काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक वकिलासह आपले वकीलपत्र दाखल करावे. तसे न केल्यास न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याला हजर राहता, कामकाज करता वा युक्तिवाद करता येणार नाही, असा तो नियम आहे. दिल्लीच्या वकील परिषदेत नोंद असलेल्या जमशेद अन्सारी या वकिलाने त्यास आव्हान दिले. देशभर व्यवसाय करण्याचा हक्क कायद्याने दिलेला असताना एका राज्याच्या उच्च न्यायालयाने अडसर का घालावा, असा त्याचा मुद्दा होता.

सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी हा नियम वैध ठरविला. व्यवसाय करण्याचा हक्क निरपवाद नाही. न्यायालयाचे काम सुरळीत चालावे व वकिलाची जबाबदारी निश्चित राहावी यासाठी घातलेले असे बंधन वाजवी आहे, असे या निर्णयाचे सार आहे. बाहेरच्या वकिलाला दार बंद केलेले नाही. स्थानिक वकिलाला सोबत घेऊन किंवा न्यायालयाची परवानगी मागून त्याने आत यावे, एवढेच नियम सांगतो.

प्रत्येक उच्च न्यायालयाचे नियम एकसारखे नाहीत. यास्तव बाहेरच्या वकिलाने संबंधित न्यायालयाच्या कार्यालयात नियमांची आधी चौकशी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

अटी कशासाठी?

अशा अटींकडे केवळ स्थानिक वकिलांच्या धंद्याचे संरक्षण म्हणून पाहिले जाते. तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग होत असेल तर ती टीका योग्यच म्हणावी लागेल. परंतु त्यांच्यामागे काही खरी कारणेही आहेत.

पहिले कारण नोटिशीचे. न्यायालयाने तारीख बदलली, एखादा अर्ज अचानक पुढे आला किंवा विरुद्ध पक्षाला कागद द्यावयाचे असले, तर तीनशे किलोमीटर दूर असलेल्या वकिलाला गाठणार कसे? स्थानिक वकिलाचा पत्ता अशा वेळी उपयोगी पडतो.

दुसरे कारण कायद्यातील फरकाचे. खून, चोरी, मारामारी यांचा मुख्य कायदा देशभर एक असला, तरी राज्यांचे स्वतःचे फौजदारी कायदे असतात. गोव्यात परवानाधारक दुकानातून घेतलेली दारू गाडीत घालून सिंधुदुर्गात आणणाऱ्यावर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली खटला होऊ शकतो. गुजरातमध्ये तर दारूबंदीच आहे. वडोदऱ्यात अशा गुन्ह्यात सापडलेल्या माणसाचा बचाव करणाऱ्या पणजीच्या वकिलाने तेथील कायदा वाचून जाणे अगत्याचे आहे. आपल्याकडील अनुभवावर त्याने विसंबून राहू नये.

तिसरे कारण शिस्तीचे. वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी त्याचे नाव ज्या राज्याच्या नामावलीवर आहे, तेथील वकील परिषद करते. कोल्हापूरच्या वकिलाविरुद्ध बेळगावच्या खटल्यासंबंधी तक्रार करावयाची झाल्यास ती महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करावी लागते. पक्षकाराला ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

अमेरिकेतील प्रथा

या प्रश्नाची दुसरी बाजू समजण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे संपूर्ण देशासाठी वकिलीचा एक हक्क नाही. प्रत्येक घटक राज्य आपली परवानगी वेगळी देते. दुसऱ्या राज्यातील वकिलाला एखाद्या खटल्यापुरता प्रवेश देण्याच्या प्रथेला ‘प्रो हॅक व्हाइस’ असे लॅटिन नाव असून त्याचा अर्थ ‘या प्रसंगापुरते’ असा होतो. सामान्यतः अर्ज, शुल्क, मूळ राज्यातील चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणि स्थानिक वकिलाची सोबत अशा अटी असतात.

१९३१ साली अलाबामा राज्यातील स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचे खोटे आरोप ठेवण्यात आले. शेजारच्या टेनेसी राज्यातून एक वकील खटल्याच्या दिवशी आला. पण आपली तयारी नाही व येथील कार्यपद्धती आपणास परिचित नाही, असे त्यानेच न्यायालयास सांगितले. सोबतीचा स्थानिक वकीलही नावापुरताच होता. त्याच दिवशी खटले सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे निकाल रद्द केले. नावापुरता वकील दिल्याने बचावाचा हक्क पुरा होत नाही, हे त्या निर्णयाने ठरले. पुढच्या फेरखटल्यात न्यूयॉर्कचे नामांकित फौजदारी वकील सॅम्युएल लीबोविट्झ बचावासाठी गेले. एकाच प्रकरणात परराज्यातील वकिलाचा निरुपयोग आणि उपयोग असे दोन्ही दिसून आले.

१९६६ साली लुइझियाना राज्यात गॅरी डंकन या एकोणीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणावर एका गोऱ्या मुलाला हात लावल्यावरून खटला झाला. त्याचा बचाव वॉशिंग्टनहून आलेल्या रिचर्ड सोबोल या वकिलाने केला. १९६७ च्या फेब्रुवारीत तेथील अधिकाऱ्यांनी सोबोल यांनाच परवान्याशिवाय वकिली केल्याच्या आरोपावरून अटक केली. वास्तविक ते स्थानिक वकिलांच्या सोबतीने काम करीत होते व त्या राज्याच्या कायद्याला ते मान्य होते. १९६८ साली संघराज्याच्या न्यायालयाने त्यांच्यावरील खटला थांबविला. त्याच वर्षी सोबोल यांनीच सर्वोच्च न्यायालयात डंकनची बाजू मांडली आणि गंभीर गुन्ह्यांत ज्यूरीसमोर खटला चालविण्याचा हक्क घटक राज्यांनाही बंधनकारक आहे, असा निर्णय मिळविला. एका मुलाच्या कोपराला हात लागल्याच्या खटल्यातून सगळ्या देशाला लागू पडणारा हक्क सिद्ध झाला, आणि तो एका परराज्यातील वकिलाच्या चिकाटीमुळे!

तथापि १९७९ साली ‘लीस विरुद्ध फ्लिंट’ या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, बाहेरच्या वकिलाला दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात उभे राहण्याचा घटनात्मक हक्क नाही. प्रवेश द्यावा की नाही हे त्या राज्याने ठरवावे. तुलनेने पाहता भारतीय वकिलाची स्थिती अधिक भक्कम आहे. तेथे तो परवानगी मागणारा पाहुणा असतो. येथे तो कायद्याने दिलेला हक्क नियमांच्या चौकटीत बजावतो.

स्थानिक वकील नकार देतात तेव्हा

एखाद्या गुन्ह्याने गावात, शहरात संतापाची लाट उसळते. अशा वेळी तेथील वकील संघटना आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असा ठराव करतात. आरोपीच्या दृष्टीने हा प्रसंग फार कठीण असतो. स्थानिक वकील मिळत नाही, आणि बाहेरचा वकील आणावा तर स्थानिक सोबती नाही.

डिसेंबर २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव निरर्थक व बेकायदेशीर ठरविले. आरोपी कितीही निंद्य असला तरी त्याच्या बचावाला वकील मिळालाच पाहिजे, हा वकिली व्यवसायाचा धर्म आहे. भारतीय वकील परिषदेचे नियमही वकिलाने, विशेष कारण नसेल तर, योग्य मोबदल्यात काम स्वीकारावे, असे सांगतात. अशा परिस्थितीत परराज्यातील वकिलाचा खरा उपयोग होतो. न्यायालयासही परिस्थिती लेखी अर्जाने निदर्शनास आणून स्थानिक सोबत्याच्या अटीतून सवलत मागता येते. वातावरण फारच तापलेले असेल तर सर्वोच्च न्यायालयाला खटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या ४४६ व्या कलमाने आहेच.

भाषेचा प्रश्न

सीमाभागात नियमांपेक्षा भाषेची अडचण मोठी ठरते. उच्च न्यायालयाखालील फौजदारी न्यायालयांची भाषा राज्य शासन ठरविते. कर्नाटकात कन्नड, गुजरातेत गुजराती, मध्य प्रदेशात हिंदी अशा भाषांत साक्षी, पंचनामे व जबाब होतात. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात समजावून सांगितली पाहिजे, असा नियम आहे. परंतु वकिलासाठी दुभाष्याची तरतूद मर्यादित आहे. साक्ष न्यायालयाच्या भाषेखेरीज अन्य भाषेत झाली व ती वकिलाला कळत नसेल, तरच ती त्याच्यासाठी न्यायालयाच्या भाषेत आणली जाते. साक्ष न्यायालयाच्याच भाषेत असेल आणि तीच वकिलाला येत नसेल, तर त्या तरतुदीचा उपयोग नाही.

साक्षीदाराच्या उलटतपासणीत एकेका शब्दाला महत्त्व असते. ‘ढकलले’ आणि ‘धक्का लागला’ यांत शिक्षा आणि सुटका यांचे अंतर असू शकते. त्यामुळे ज्याला साक्षीदाराची भाषा कळते असा स्थानिक वकील सोबत असणे ही केवळ नियमाची पूर्तता नसून बचावाची गरज आहे. बाहेरच्या वकिलाने युक्तिवादाची व कायद्याची बाजू सांभाळावी आणि स्थानिक वकिलाने साक्षीपुराव्याची, अशी वाटणी पुष्कळदा हितकारक ठरते.

कुटुंबीयांनी काय करावे

१. अटक झाल्यानंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. बाहेरचा वकील येईपर्यंत वाट पाहत बसू नये. पहिल्या हजेरीसाठी स्थानिक वकील किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील घ्यावा. पुढे वकील बदलता येतो.

२. पोलीस ठाणे, गुन्हा नोंदणी क्रमांक, लावलेली कलमे व न्यायालयाचे नाव कागदावर लिहून घ्यावे. बाहेरच्या वकिलाला दूरध्वनीवर हीच माहिती प्रथम लागते.

३. वकिलाचा सनद क्रमांक व वकील परिषदेचे नाव विचारून घ्यावे. असे विचारण्यात संकोच मानू नये.

४. वकीलपत्रावर आरोपीचीच सही अथवा अंगठा लागतो. आरोपी तुरुंगात असल्यास ते तुरुंग अधिकाऱ्यांमार्फत साक्षांकित करून घ्यावे. शक्य तेथे बाहेरचा व स्थानिक अशा दोन्ही वकिलांची नावे एकाच वकीलपत्रावर घालावीत.

५. नियमाप्रमाणे परवानगी लागत असेल तर अर्जात खटल्याचा क्रमांक, वकिलाचा सनद क्रमांक, स्थानिक वकिलाचे नाव आणि नोटीस बजावण्याचा पत्ता लिहावा.

६. दोन्ही वकिलांपैकी कोणते काम कोण पाहणार, कोणत्या तारखेला कोण येणार आणि फी व प्रवासखर्च किती, हे आधी ठरवावे व पैशाची पावती घ्यावी.

७. दोषारोपपत्राची व जबाबांची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. ती मिळताच तिचे विश्वासू माणसाकडून भाषांतर करून बाहेरच्या वकिलाकडे पाठवावे.

तारखांच्या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. आपला वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे, हे सुनावणी तहकूब करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे संहितेचे ३४६ वे कलम सांगते. नामांकित वकिलाच्या नावावर भिस्त ठेवून तारखा चुकल्या, तर त्याचे परिणाम आरोपीला भोगावे लागतात. कोठडीत असलेल्या आरोपीला तर अधिकच. पसंतीचा वकील हा हक्क असला, तरी त्याच्या सोयीसाठी खटला थांबवून धरण्याचा हक्क कोणास नाही.

पैसा नसेल तर

परराज्यातील वकील नेणे खर्चाचे काम आहे. अनेक कुटुंबे दागिने मोडून किंवा जमीन गहाण टाकून तो खर्च करतात. तसे करण्यापूर्वी मोफत विधी साहाय्याचा विचार अवश्य करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोठडीत असलेली व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आरोपी कोणत्या राज्याचा रहिवासी आहे, हा प्रश्न त्यात येत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. १९७८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या होस्कोट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्धन कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचा भाग मानला, आणि १९८६ च्या सुक दास प्रकरणात आरोपीला या हक्काची माहितीच दिली नव्हती म्हणून शिक्षा रद्द केली.

अधिकारी व शिक्षक यांची जबाबदारी

पोलीस ठाण्यातील व तुरुंगातील अधिकाऱ्यांनी भेटीस आलेल्या वकिलाची ओळख व सनद अवश्य तपासावी. मात्र तो दुसऱ्या राज्याचा आहे एवढ्या कारणावरून भेट नाकारू नये. न्यायालयात उभे राहण्यासंबंधीचे नियम पाहणे हे न्यायालयाचे काम आहे. तुरुंगाच्या दारात त्यांचा निवाडा होत नाही.

ग्रामसेवक, तलाठी व शिक्षक यांच्याकडे गावकरी अशा वेळी प्रथम सल्ल्यासाठी येतात. त्यांनी कुटुंबाला एवढे जरी सांगितले की, ‘घाबरू नका, पहिल्या दिवशी तेथलाच वकील घ्या, आपला वकील मागून नेता येतो’, तरी पुष्कळ अनर्थ टळेल. परमुलखात अटक झालेल्या माणसाची पहिली भीती ही असते की, येथे आपली भाषा बोलणारा व आपले ऐकणारा कोणी नाही. कायद्याने त्या भीतीवर उपाय ठेवलेला आहे. तो वेळेवर त्या माणसापर्यंत पोहोचविणे समाजाच्या हाती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अधिवक्ता अधिनियमाचे ३० वे व ३४ वे कलम यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.

२. सनद असलेला परराज्यातील वकील व मुखत्यारपत्र घेतलेला नातेवाईक यांच्या अधिकारांत कोणता फरक आहे?

३. स्थानिक वकिलाला सोबत घेण्याच्या अटीचे फायदे व तोटे सांगा. सीमाभागात ती का उपयुक्त ठरते?

४. स्कॉट्सबरो व डंकन या दोन खटल्यांतून परराज्यातील वकिलासंबंधी कोणता बोध घ्यावा?

५. आपल्या गावातील एखाद्या व्यक्तीला शेजारच्या राज्यात अटक झाली, तर पहिल्या चोवीस तासांत कोणकोणती कामे केली पाहिजेत, त्यांची यादी तयार करा.